क्लचवाली पिकअप आळशी पोरांमुळे गेली नाही

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकमधून मॅन्युअल गिअरबॉक्स का नाहीसा झाला, यावर एक मजकूर पुन्हा पुन्हा शेअर होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या पिढीला क्लच दाबायचा कंटाळा येतो म्हणून मॅन्युअल गेला, खरं ओझं ओढायला मॅन्युअलच लागतो, तो इंधन कमी खातो आणि कधी बिघडत नाही, आणि कंपन्यांनी तो मुद्दाम बंद पाडला. मला स्वतःला तीन पेडलांची गाडी मनापासून आवडते. म्हणूनच हा मजकूर खटकतो. मॅन्युअलची बाजू घ्यायला खरी कारणं असताना ही का पुढं करायची?

कंटाळ्याचा मुद्दा आधी संपवू. फोर्डच्या एफ-150 या पिकअपमधला मॅन्युअल 2008 च्या मॉडेलनंतर गेला, तिच्याहून दणकट सुपर ड्यूटीमधला 2010 नंतर. तेव्हा हे ट्रक कोरे घेणारे कोण होते? ठेकेदार, शेतकरी, घोड्यांचे ट्रेलर ओढणारे. शेव्हरोलेच्या पिकअपला स्टिअरिंगजवळच्या दांडीचा तीन गिअरचा मॅन्युअल 1987 पर्यंत मिळत होता. अशा गाड्यांवर हात बसलेल्या माणसांनीच पुढं ऑटोमॅटिक घेतलं. त्यांना क्लच जमत नव्हता म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे.

ओझं ओढण्याचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण एकेकाळी तो पूर्ण खरा होता. डॉजच्या रॅम पिकअपचे, म्हणजे कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन असलेल्या ट्रकचे आकडे घ्या. 1996 ते 1998 च्या ट्रकला मॅन्युअलबरोबर 215 हॉर्सपॉवर आणि 440 पाउंड-फूट टॉर्क (चाकं फिरवणारा पीळ) मिळायचा, ऑटोमॅटिकबरोबर 180 आणि 420. 2001 मध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलला 505 पाउंड-फूट, ऑटोमॅटिकला 460. त्या काळच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला जास्त ताकद झेपत नसे, म्हणून कंपनी त्याला इंजिन जरा आवरूनच द्यायची. ज्यांनी हे ट्रक चालवले, त्यांच्या डोक्यात "ओढायचं तर मॅन्युअल" बसलं ते उगाच नाही.

आता 2018 चा रॅम बघा. तोच 6.7 लिटरचा कमिन्स: मॅन्युअलबरोबर 660 पाउंड-फूट, साध्या ऑटोमॅटिकबरोबर 800, आणि आयसिन या जपानी कंपनीच्या दणकट ऑटोमॅटिकबरोबर 930. सतरा वर्षांत पारडं पुरतं फिरलं. आता आवरून द्यायची वेळ मॅन्युअलवर आली होती. त्या मॉडेलनंतर रॅमचा मॅन्युअल बंद झाला. मोठ्या पिकअपमधला तो शेवटचा. पुढच्याच मॉडेलमध्ये कमिन्सचा टॉर्क 1,000 वर गेला.

असं का झालं, हे चढावर कळतं. मागं जड ट्रेलर आहे, गाडी उभी आहे आणि तुम्ही क्लच सोडायला लागता. पहिले दोन-तीन सेकंद इंजिन फिरतंय आणि चाकं जेमतेम हलतायत. हा फरक क्लचप्लेट घासून घासून भरून काढते, आणि त्या घासण्याची सगळी उष्णता प्लेट, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यातच साठते. लागोपाठ दोन-तीनदा असं सुटावं लागलं की केबिनमध्ये तो जळका, आंबूस वास येतो. एकदा घेतलेला विसरत नाही. ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच काम तेल करतं. उष्णता तेलात जाते, तेल कूलरमध्ये जाऊन थंड होऊन परत येतं. शिवाय सुटताना कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढं देतो. क्लच आला तेवढाच देतो. क्लच आणखी दणकट करता येतो, पण मग प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक होते आणि वर्दळीत डावा पाय भरून येतो.

अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता एसएई जे2807 या मानकानं मोजतात. त्यात पूर्ण भारासह 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून सुटावं लागतं, आणि रिव्हर्समध्येही ती परीक्षा असते. क्लचच्या जिवावर बेतणारंच काम आहे हे. 2020 च्या जीप ग्लॅडिएटर या पिकअपला ऑटोमॅटिकबरोबर 7,650 पाउंडांपर्यंत ओढायची मुभा होती, मॅन्युअलबरोबर 4,500 च्या वर नाही. टोयोटा हायलक्सच्या 2.8 लिटर डिझेललाही मॅन्युअलबरोबर 420 न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकबरोबर 500 मिळतात. देश बदलला तरी गणित तेच.

इंधनाचं थोडक्यात. जुन्या ऑटोमॅटिकला गिअर कमी होते, कन्व्हर्टर घसरत राहायचा, त्यामुळे तो जास्त प्यायचा. आता आठ-दहा गिअर असतात आणि गाडी वेगात आली की कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे घसरणं थांबतं. फोर्डनं 2017 च्या एफ-150 मध्ये दहा गिअरचा ऑटोमॅटिक आणला. इतके गिअर हातानं कोण बदलत बसणार?

"मॅन्युअल बिघडत नाही" हे तर त्याच कमिन्सवाल्यांना विचारा. एनव्ही 4500 या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल व्हायचा आणि पाचवा गिअरच हातचा जायचा. एवढं मात्र खरं, की क्लचप्लेट बदलणं साध्या गॅरेजमध्ये होतं, आणि ऑटोमॅटिक उघडायला जाणकार माणूस लागतो. हा फायदा मोठा आहे, पण त्याला "बिघडत नाही" म्हणत नाहीत.

राहिला कटाचा आरोप. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या प्रत्येक जोडीची उत्सर्जन चाचणी, सॉफ्टवेअर, सुटे भाग असा वेगळा खर्च असतो. कमी खपणारी जोडी आधी कापली जाते. कंपन्या अगदी निर्दोष आहेत असंही नाही. 2015 च्या शेव्हरोले कोलोरॅडोला मॅन्युअल दिला तो फक्त चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनाबरोबर. ताकदवान इंजिन हवं असणाऱ्यानं मग ऑटोमॅटिकच घ्यायचा. याचा राग मलाही येतो.

आणि जिथं मॅन्युअल खरोखर सरस आहे, तो मुद्दा या मजकुरात नाहीच. दगडधोंड्यांतून मुंगीच्या पावलानं गाडी काढायची असेल तर हातात सगळ्यात खालचा गिअर हवा. ग्लॅडिएटरच्या रुबिकॉन या खडतर रस्त्यांसाठीच्या प्रकारात मॅन्युअलचं क्रॉल गुणोत्तर (सगळ्यात खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागं इंजिनाच्या किती फेऱ्या) 84.2 होतं, ऑटोमॅटिकचं 77.2. उतारावर ब्रेकला हात न लावता नुसत्या इंजिनावर गाडी धरून ठेवायची, चाक कुठं घसरायला लागलंय ते क्लचवरच्या पायाला आधी कळायचं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला पटवून द्यावं लागत नाही. 2025 च्या मॉडेलपासून ग्लॅडिएटरचाही मॅन्युअल गेला, याचं म्हणून जास्त वाईट वाटतं.

त्यानंतर अमेरिकेत मॅन्युअल मिळणारी नवी पिकअप एकच उरली: टोयोटा टॅकोमा. 2024 मध्ये सगळी गाडी नव्यानं बांधतानाही टोयोटानं सहा गिअरचा मॅन्युअल ठेवला. त्याला 270 हॉर्सपॉवर आणि 310 पाउंड-फूट मिळतात, तशाच टर्बो इंजिनाच्या ऑटोमॅटिकला 278 आणि 317. फरक किरकोळ आहे, कारण एवढा टॉर्क क्लचला आरामात झेपतो. 465 पाउंड-फूटवाली हायब्रिड टॅकोमा मात्र फक्त ऑटोमॅटिकमध्येच येते.