मिल्लेत, उलुस आणि आपलं वतन
राष्ट्र आणि नागरिक यांच्यासाठीच्या तुर्की वगैरे भाषांतल्या शब्दांवरचा एक लेख वाचला, त्यात तुर्की 'मिल्लेत' म्हणजे राष्ट्र एवढंच लिहून सोडून दिलंय, पण ऑटोमन काळात मिल्लेत म्हणजे धर्मावरून ठरलेला समाज, रूम (म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन) मिल्लेत, आर्मेनियन मिल्लेत वगैरे, राष्ट्र हा अर्थ नंतर चिकटला. मग तुर्कस्तानातल्या भाषाशुद्धीवाल्यांनी मिल्लेत हा अरबी शब्द नको म्हणून राष्ट्रासाठी 'उलुस' पुढे आणला आणि तो निघाला मंगोलियनमधून फिरून आलेला 😄 कझाक भाषेत तर वंशाने असेल तो 'कझाक' आणि नागरिक म्हणून 'कझाकस्तानदिक', म्हणजे तिथला रशियनही कझाकस्तानदिक होतो पण कझाक नाही. आणि मला सगळ्यात मजा वाटते ती तुर्की 'वतनदाश'ची, एकाच वतनातला म्हणून नागरिक, नाहीतर आपल्याकडे वतन म्हटलं की पाटीलकी, कुलकर्णीपण आणि भाऊबंदकीच आठवते!