सही घेतली म्हणजे संमती झाली?

'पालकांनी संमतीपत्र दिलेलं असतं, मग मुलांची माहिती पोलिसांनी पाहिली तर बिघडलं कुठे', हे शाळेतली माहिती पोलिसांना देण्याची बाजू घेणाऱ्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. 'अपार' क्रमांकाचे (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी जोडणारा कायमचा ओळख क्रमांक) फॉर्म आमच्या कुर्ल्यात कसे भरले गेले ते पाहिलंय. शाळा सुटताना बाईंनी फाटकाशीच गठ्ठा पुढे केला, 'इथे सही करा, आधारची झेरॉक्स उद्या आणा.' शेजारच्या ताईंनी भाजीची पिशवी सावरत, कागद भिंतीला टेकवून सही केली. नकार देता येतो, हे कुणी बोललंच नाही. (बाईंना तरी काय म्हणणार, वरून रोज आकडे मागतात.)

शिवाय ती सही शिक्षणाच्या कामासाठी होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते खरी, पण गुन्हा रोखणं किंवा तपास म्हटलं की कलम १७ ती अट बाजूला सारतं. लेखात याचा उल्लेखही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पास्को काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने (म्हणजे तिथल्या पोलिसांनी) मुलांचे गुण, हजेरी बघून 'पुढे गुन्हेगार होऊ शकतील' अशांची यादी केली होती. आमच्याकडे गणपतीत निम्मा वर्ग कोकणात असतो. त्यांचीही यादी करणार का?