पंच म्हणून कोण जाणार?

गेल्या महिन्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या एका शाळूसोबत्याचा फोन आला. तो त्याच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांच्या फ्लॅटची अमली पदार्थांच्या संशयावरून झडती घ्यायची म्हणून पोलीस सकाळी साडेसहाला आले आणि त्यांनी याला दोन पंच बोलवायला सांगितले. याने सात दारांच्या घंटा वाजवल्या. एकाचा रक्तदाब वाढलेला होता, एकाला विमान गाठायचे होते, आणि एका काकूंनी जाळीच्या दाराआडूनच "आम्हाला नको बाई त्यात" असे सांगून आतले दार लावून घेतले. अखेर रात्रपाळीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांच्या सह्या झाल्या. वॉचमन नेपाळचा, पंचनामा मराठीत, सही करताना त्याने "किधर?" एवढेच विचारले. झडतीत नेमके काय सापडले हे माझ्या मित्राला सांगता येईना, कारण तो स्वतः खाली लिफ्टपाशी थांबला होता. हे सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "तुमच्या अमेरिकेत काय पद्धत असते रे?"

मी बावीस वर्षे अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो आहे, आणि या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की अमेरिकेत पंच नसतातच. न्यायाधीशाकडून वॉरंट मिळाले की पोलीस आत जातात. आत काय घडले हे सांगणारे दोनच पक्ष, एक पोलीस आणि दुसरा तो घरमालक, तोही वाचला तर. 21 नोव्हेंबर 2006 च्या संध्याकाळी अटलांटाच्या नील स्ट्रीटवर कॅथरिन जॉन्स्टन या नव्वदीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय आजींच्या घराचे दार साध्या वेशातील पोलिसांनी न ठोठावता फोडले. दरोडेखोर आले असे समजून त्यांनी घरातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमधून एक गोळी झाडली. पोलिसांनी 39 झाडल्या. घरात अमली पदार्थ नव्हते, म्हणून पोलिसांनी गांजाच्या पुड्या तिथे नेऊन ठेवल्या, आणि 'या घरातून मीच माल विकत घेतला होता' असे सांग म्हणून आपल्या खबऱ्यावर दबाव आणला. तो खबऱ्या फुटला, मात्र पोलिसांच्या बाजूने नव्हे. त्याने खोटे बोलायला नकार दिला आणि प्रकरण उघडकीला आले. वॉरंटसाठी न्यायाधीशापुढे घेतलेली शपथच खोटी होती. तिघा पोलिसांना पाच ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. महिन्याला नऊ अटका आणि दोन झडती-वॉरंटे असे उद्दिष्ट त्या पथकाला दिलेले होते, हेही त्या खटल्यात पुढे आले. आकड्यांसाठी दारे फोडली जात होती.

ही हकिगत मी अनेकदा सांगितली आहे. त्यानंतर शेजाऱ्यांनी काय केले हे मात्र क्वचितच. त्या वस्तीत गर्दुल्ले आणि विक्रेते खरोखरच होते, आणि त्यांचा सर्वांत जास्त त्रास तिथल्याच म्हाताऱ्या माणसांना होता. तरीही तीच माणसे रस्त्यावर उतरली, चर्चमध्ये सभा भरल्या, आणि 2007 मध्ये शहराला पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे नागरिकांचे मंडळ स्थापन करावे लागले. सुरुवातीला ते मंडळ म्हणजे कागदी वाघ होते. बोलावलेले पोलीस येत नसत, आले तरी उत्तर देत नसत. सप्टेंबर 2009 मध्ये पोलिसांनी समलिंगी पुरुषांच्या एका बारवर छापा घालून साठएक ग्राहकांना जमिनीवर पालथे झोपवले, अमली पदार्थ काहीच सापडले नाहीत, आणि त्या संतापातून पुढच्या वर्षी मंडळाला साक्षीसाठी समन्स काढण्याचा अधिकार मिळाला. मंडळाच्या बैठका खुल्या असतात. मी बावीस वर्षांत एकदाच गेलो. सभागृहात पंधरा माणसे नव्हती. पहिल्या रांगेत एक वयस्कर बाई मांडीवर फुगलेली फाइल घेऊन बसल्या होत्या आणि त्यांची पाळी आल्यावर त्यांनी ती उघडलीदेखील नाही. तारखा त्यांना पाठ होत्या.

एकदाच गेलो, हे मुद्दाम लिहितो आहे. इथल्या आपल्या मंडळींत हे विषय 'त्यांचे' समजले जातात. 13 मार्च 2020 च्या मध्यरात्रीनंतर केंटकीतील लुइव्हिल शहरात ब्रिओना टेलर ही 26 वर्षांची, आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम करणारी तरुणी अमली पदार्थांच्या तपासासाठी घातलेल्या छाप्यात स्वतःच्या घरात मारली गेली; घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. महिनोन्‌महिने लोक रस्त्यावर राहिले, आणि जूनमध्ये तिथल्या नगर परिषदेने न ठोठावता शिरण्याची वॉरंटे बंद करणारा, तिच्याच नावाचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात आमच्या स्नेह्यांच्या गटावर सर्वाधिक चर्चा झाली ती मोर्च्यांमुळे कोणता रस्ता बंद आहे याची. तेव्हा 'तिकडे बसून बोलायला काय जातंय' असे पुण्याहून कोणी म्हणाले, तर ते मला ऐकून घेतले पाहिजे.

दोन्हीकडची परिस्थिती एका तागडीत घालता येत नाही हेही खरे. अमेरिकेत कितीतरी घरांत बंदूक आहे, त्यामुळे छाप्यातली चूक मिनिटभरात मुडद्यावर जाते. आपल्याकडे हिंसा सावकाश चालते: चौकीतला पट्टा, वर्तमानपत्रातले नाव, गल्लीतून काढलेली धिंड. आणि पुण्याची भीती पोकळ नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी ललित पाटील ससून रुग्णालयातून पळाला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत 1,700 किलोंहून अधिक एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) पोलिसांनी पकडले. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमधली, तरुण अमली पदार्थ घेत असल्याची म्हणून गाजलेली ती चित्रफीत घरोघरी पोहोचली आणि लगेच पबांच्या बांधकामांवर बुलडोझर चालले. ज्यांची मुले-मुली महाविद्यालयात आहेत त्या आईबापांनी बुलडोझरला टाळ्या वाजवल्या तर मी त्यांना हसणार नाही. मात्र त्या टाळ्यांमध्ये कुरकुंभचा कारखाना इतके दिवस कोणाच्या डोळ्यांसमोर चालला, हा प्रश्न बुडून गेला. कोंबिंग ऑपरेशनच्या बातम्यांमध्ये रात्रीत किती 'सराईत' तपासले याचे आकडे छापून येतात. कोणत्या वस्तीतली दारे वाजवली, आतल्या बायका-पोरांचे काय झाले, हे येत नाही. पारध्यांच्या पालांवर पहाटे पडणारी धाड तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून चालत आली आहे, आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला ही गोष्ट काही ठाण्यांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही.

कायद्यात मात्र आपण मागे नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते इथेच. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 42 सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत वॉरंटविना घरात शिरू देते, विरोध झाल्यास दार फोडूही देते. पण रात्री वॉरंटविना शिरायचे तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 प्रमाणे झडती त्या परिसरातल्या दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष घ्यावी लागते, घरच्या माणसाला हजर राहू द्यावे लागते, जप्त मालाच्या यादीची प्रत द्यावी लागते. आणि 1 जुलै 2024 पासून याच संहितेच्या कलम 105 नुसार झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. उगाच त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 58 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (हजार रुपये! सोसायटीच्या पार्किंगचा दंड त्याहून जास्त असेल.) नील स्ट्रीटवर त्या संध्याकाळी शेजारचे दोन रहिवासी पायरीवर उभे असते, तर त्या पुड्या कोणी कुठे ठेवल्या असत्या? अटलांटाच्या लोकांना जे मिळवायला एक मरण आणि अनेक वर्षे लागली, आणि तेही घटनेनंतर चौकशी करणारे, त्याहून चांगले काहीतरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कायद्यात आहे: शेजारी आधीच दारात. आपण त्याची नुसती सही करून टाकली आहे.

हे मला घरातून ठाऊक आहे. 1988 साली आम्ही दत्तवाडीत राहत होतो. गर्दच्या पुड्या विकतो अशा संशयावरून मागच्या वस्तीतल्या एका पोराच्या खोलीची झडती झाली आणि बँकेत निघालेल्या माझ्या वडिलांना पंच म्हणून थांबवले गेले. त्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले, आत भांडी पडल्याचे आवाज आले, आणि मग पंचनामा पुढे आला, त्यात पुड्या कोणत्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या इथपर्यंत सगळे लिहिलेले. वडिलांनी सही केली. दोन वर्षांनी न्यायालयात त्यांना विचारले गेले की डबा उघडताना तुम्ही पाहिला का, तेव्हा ते "नाही" म्हणाले. पोरगा सुटला. आमच्या गल्लीतल्या लोकांनी वर्षभर वडिलांना "तुम्ही सोडवलंत त्याला" असे ऐकवले. मुळात सही का केलीत, असे एकानेही विचारले नाही. तो प्रश्न ते स्वतःलाच विचारत, आणि आई त्यांना गप्प करी. पोरगा निर्दोष होता की नव्हता हे आम्हाला कधीच कळले नाही, आणि वडिलांच्या सहीने ते कळण्याचा मार्गच बंद केला होता.

ऑगस्ट 2025 मध्ये कोथरूडमधल्या तीन तरुणींनी असा आरोप केला की छत्रपती संभाजीनगरच्या एका बेपत्ता विवाहितेच्या तपासासाठी आलेल्या पोलिसांनी वॉरंटविना त्यांच्या खोलीत शिरून मारहाण आणि जातिवाचक शिवीगाळ केली. कार्यकर्ते रात्री उशिरापर्यंत आयुक्तालयात ठाण मांडून बसले. अखेर गुन्हा दाखल होत नाही असे पत्र पोलिसांनी दिले, आणि कथित घटना खोलीच्या आत घडली, सार्वजनिक ठिकाणी नाही, हे त्यातले एक कारण होते. आरोप खरे-खोटे ठरवणे माझे काम नाही. पण ती बैठक मला त्या फाइलवाल्या बाईंच्या जवळची वाटली, कारण आपल्या ओळखीच्या नसलेल्या मुलींच्या खोलीसाठी कोणीतरी जागत बसले होते. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानंतर महाराष्ट्रात 2014 मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली; पुण्यात माझ्या परिचयातल्या दहा सुशिक्षित माणसांना मी विचारले, नऊ जणांनी ते नाव ऐकलेलेही नव्हते. एकाला ठाऊक होते, तो वकील आहे.

हे सगळे मी मित्राला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घालायचे ठरवले: पोलिसांनी पंच मागितल्यास कोण जाणार, दोन नावे, आत जायचे, डोळ्यांदेखत झालेलेच लिहू द्यायचे, वाचल्याशिवाय सही करायची नाही. सचिवांनी विचारले की म्हणजे आपण त्या पोरांची बाजू घ्यायची का. पहिले नाव त्याने स्वतःचे लिहिले आहे, दुसरी ओळ रिकामी आहे. "तुझं घालू का?" असे त्याने मला हसत विचारले. मी म्हणालो की पंच त्या परिसरातलाच रहिवासी लागतो.

"ते बरंय तुझं," तो म्हणाला.