जुनी ब्रिटिश गाडी म्हणजे सगळं व्हिटवर्थ? नाही हो!

जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणाऱ्यांत सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय: 'ब्रिटिश गाडी म्हणजे सगळे नट-बोल्ट व्हिटवर्थ. पाना बसला की साइझ कळली. हाताने दोन आटे गेले की बोल्ट बरोबर. नाहीच मिळाला तर स्टेनलेसचा मेट्रिक टाका.' यातलं एकही वाक्य धड नाही. व्हिटवर्थ म्हणजे ब्रिटनचं जुनं, भरड आट्यांचं इंची माप; मेट्रिक म्हणजे मिलिमीटरचं.

सगळं व्हिटवर्थ? दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांतही बारीक आट्यांचा बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) भरपूर असायचा. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एकच 'युनिफाइड' माप ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश गाड्या त्यातल्या बारीक आट्यांच्या यूएनएफवर गेल्या. १९६२ ला आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीत बहुतेक बोल्ट यूएनएफच. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या आपल्या अँबॅसॅडरच्या जुन्या इंजिनातही तेच. बोल्टच्या डोक्यावर गोल खळगा किंवा कडेला एकमेकांना जोडलेल्या वर्तुळांची रांग दिसली, तर तो युनिफाइड समजा. पण त्याच एमजीबीच्या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरवर आणि ल्यूकस कंपनीच्या विजेच्या सामानात बीए या आणखी एका ब्रिटिश मापाचे बारके स्क्रू सापडतात, तेव्हा गाफील राहू नका.

पान्याचं तर विचारूच नका. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाच्या रुंदीचा नाही. १/४ व्हिटवर्थचा पाना ५/१६ बीएसएफलाही चपखल बसतो. आणि एमजीच्याच टीसी, टीडी या जुन्या गाड्यांचं एक्सपीएजी इंजिन म्हणजे कहरच! डोकी व्हिटवर्थच्या पान्याची, आटे मात्र मेट्रिक. पुढे ही इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस हा फ्रेंच कारखाना घेतला, त्याच्या यंत्रांवर मेट्रिक आटेच पडायचे. ते पुढे तसेच चालू राहिले. पाना बसला म्हणून तिथे बीएसएफचा बोल्ट पिळलात, तर ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणा.

'दोन आटे गेले' हा पुरावा सगळ्यात घातकी. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बीएसएफला इंचात २२ आटे, यूएनएफला २४. सुरुवातीला दोन्ही गोडीगुलाबीने जातात, मग अडतात आणि आपण जोर लावतो. त्यापेक्षा व्हर्निअरने जाडी मोजा आणि आट्यांच्या गेजची दातेरी पाती बोल्टच्या आट्यांवर टेकवून उजेडासमोर धरा. फट दिसली की पाती बदला. पाव इंचाच्या व्हिटवर्थ आणि यूएनसीला (युनिफाइडचंच भरड माप) मात्र दोन्हींना २० आटे. तिथे फरक आट्यांच्या कोनाचा, ५५ अंश आणि ६० अंश. तोही गेजवर नीट पाहिला तर कळतो.

राहिलं स्टेनलेस. बाजारातला नेहमीचा ए२-७० दर्जाचा बोल्ट साधारण ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जातो, ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. सीट बेल्टचा बोल्ट ७/१६ यूएनएफ असतो, तिथे आणि स्टिअरिंग, ब्रेकला दर्जाचा शिक्का असलेला पोलादीच घ्या. नंबर प्लेटला स्टेनलेस खुशाल लावा.