‘गूगल टॅक्स’चा तो फॉरवर्ड: राग बरोबर आहे, हिशोब चुकलाय

हा मेसेज मला आतापर्यंत तीन-चार ग्रुपवर येऊन गेला होता, परवा मावसभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा तू अकाउंटचं काम करतोस, हे खरंय का सांग, मी पुढे पाठवतोय.” म्हटलं थांब, दोन दिवस दे, नीट लिहून देतो. तर मेसेज थोडक्यात असा आहे: गूगल-फेसबुकसारख्या कंपन्या भारतातून हजारो कोटी कमावतात आणि इथे एक रुपयाही टॅक्स भरत नाहीत, एक गूगल टॅक्स होता जो त्यांच्या खिशातून जायचा, पण ट्रम्पने डोळे वटारले आणि सरकारने तो रातोरात काढून टाकला, बाकी सगळे देश बिनधास्त लावतायत, शेपूट घातली ती फक्त आपण, आणि आता तर जगभर १५ टक्क्यांचा नियम झालाय, आपण नुसती सही केली तरी तो पैसा आपल्याकडे येईल.

यामागचा राग मला पूर्ण मान्य आहे. इथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर जाहिरात दाखवून जो नफा होतो त्यातला आपला वाटा आपल्याला मिळत नाही हे खरंच आहे. पण मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चूक आहे नाहीतर अर्धवट, आणि अशाने होतं काय की ज्याला जाब विचारायचा तो बाजूला राहतो आणि आपण भलतीकडेच ओरडत बसतो.

क्रम थोडा बदलतो, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते मधलं वाक्य.

“गूगल टॅक्स त्यांच्या खिशातून जायचा”

नाही हो. निदान मी ज्यांची पुस्तकं लिहितो त्यांच्या बाबतीत तरी अजिबात नाही.

या टॅक्सचं खरं नाव इक्वलायझेशन लेव्ही. १ जून २०१६ पासून लागू झाली, ऑनलाइन जाहिरातीसाठी परदेशी कंपनीला जे पैसे द्याल त्यावर ६ टक्के. एका कंपनीला वर्षभरात एक लाखाच्या वर पैसे गेले की लागली. आणि ती कापून सरकारकडे भरायची कोणी, तर जाहिरात देणाऱ्याने, म्हणजे इथल्या धंदेवाल्याने.

माझ्याकडे येवल्याच्या एक ताई आहेत, पैठण्या ऑनलाइन विकतात. पाच-सहा मागवाले त्यांच्यासाठी काम करतात, दुकान असं नाहीच, सगळं गिऱ्हाईक मोबाइलवरून. लेव्ही होती तेव्हा त्यांनी एका वर्षी एका परदेशी प्लॅटफॉर्मला जाहिरातीपोटी २ लाख ४० हजार दिले होते, सगळे कार्डवरून. मार्चमधे मी स्टेटमेंट टॅली करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की लेव्ही भरलेलीच नाहीये. आता नियम म्हणतो कापून घ्या, पण कापणार कुठून? कार्डवरून पूर्ण रक्कम आधीच गेलेली, कंपनीच्या अटींमधे स्पष्ट लिहिलेलं की कुठलाही टॅक्स असेल तर तो तुमचा, आम्हाला बिलाचे पूर्ण पैसे हवेत. म्हणजे ६ टक्क्यांचे १४,४०० रुपये ताईंनी वरून भरायचे. उशीर झाला म्हणून महिन्याला १ टक्का व्याज वेगळं. आणि भरलं नाही तर जाहिरातीचा तो सगळा २ लाख ४० हजाराचा खर्च इन्कम टॅक्समधे धरला जाणार नाही, म्हणजे जो नफा झालाच नाही त्यावर टॅक्स. वर्षअखेरीचं फॉर्म १ भरायचं ते आणखी वेगळं.

ताई म्हणाल्या, “अहो दादा, कमाई त्यांची, मग टॅक्स माझ्याकडून का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये.

पुढे बऱ्याच मोठ्या प्लॅटफॉर्मनी बिलं त्यांच्या भारतातल्या कंपनीकडून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ही कटकट ताईंसारख्यांची कमी झाली. पण भार शेवटी येतो कोणावर हे बाहेरच्या देशांत उघड दिसलंय. ब्रिटन, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान यांनी डिजिटल टॅक्स लावल्यावर गूगलने नोव्हेंबर २०२० पासून जाहिरातदारांच्या बिलातच तो जोडला, ब्रिटनमधे २ टक्के, बाकी दोन्हीकडे ५. त्यात आपली लेव्ही मुद्दाम इन्कम टॅक्स कायद्याच्या बाहेर ठेवलेली, म्हणजे कुठल्या कमाईवर कोणत्या देशाने टॅक्स लावायचा हे ठरवणाऱ्या दोन देशांमधल्या कर करारात ती अडकू नये म्हणून. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की कंपनीला तिच्या देशात या टॅक्सची वजावट मिळायची मारामार, मग तिने तो गिऱ्हाइकावर का ढकलू नये?

“एक रुपयाही टॅक्स भरत नाहीत”

हे तर सरळ चूक आहे. परदेशातून ऑनलाइन सेवा विकणाऱ्यांवर १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी डिसेंबर २०१६ पासून सर्व्हिस टॅक्स होता. अर्थात तो जीएसटीही आपणच भरतो, कंपनी फक्त गोळा करून देते, हे मान्य. शिवाय या कंपन्यांच्या भारतात नोंदवलेल्या कंपन्या आहेत आणि त्या त्यांच्या नफ्यावर इथे इन्कम टॅक्स भरतात.

मग गडबड कुठे आहे? ती ‘त्यांच्या नफ्यावर’ या शब्दांत आहे. समजा ताईंनी शंभर रुपयांची जाहिरात दिली. बिल भारतातल्या कंपनीने दिलं. पण ही भारतातली कंपनी म्हणते मी नुसती वितरक, जाहिरातीची जागा मी आमच्या सिंगापूरच्या किंवा आयर्लंडच्या कंपनीकडून विकत घेते, माझं मार्जिन तेवढं माझं. त्या मार्जिनवर इथे साधारण २५ टक्के टॅक्स बसतो, आणि शंभरातला मोठा हिस्सा ‘खरेदी’ म्हणून बाहेर. यात काही बेकायदेशीर नाहीये, नियमच तसे आहेत आणि माझं दुखणं तेच आहे. इन्कम टॅक्स खात्याने म्हणून बघितलं की हा बाहेर जाणारा पैसा रॉयल्टी आहे, म्हणजे हक्क वापरल्याचा मोबदला, त्यावर टॅक्स कापा. बंगळुरूच्या इन्कम टॅक्स ट्रिब्युनलने २०१७ मधे ते मान्यही केलं, प्रकरण हायकोर्टात जाऊन परत आलं आणि २०२२ मधे त्याच ट्रिब्युनलने सांगितलं रॉयल्टी नाही. इतकी वर्षं भांडून हातात काय आलं?

आता मूळ कारण. अमेरिकेबरोबरचा आपला कर करार १९८९ चा. त्यात धंद्याच्या नफ्यावर टॅक्स लावायला परदेशी कंपनीचं इथे ऑफिस, शाखा, फॅक्टरी असं काहीतरी बस्तान लागतं, करारात त्याला पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट म्हणतात. १९८९ मधे जमिनीवर पाय न ठेवता कोट्यवधी लोकांना रोज काहीतरी विकता येईल हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. २०१८ च्या बजेटमधे आपण कायदा बदलला, ऑफिस नसलं तरी इथे मोठा धंदा किंवा मोठा युजरवर्ग असेल तर ते बस्तानच धरू असं म्हटलं, आणि २०२१ मधे आकडे ठरवले, २ कोटींचा धंदा किंवा ३ लाख युजर. वाचायला फार छान. पण करार आणि कायदा यात कंपनीला जे फायद्याचं ते लागू होतं, करारात ही व्याख्या नाही, त्यामुळे अमेरिका, आयर्लंड, सिंगापूर या ज्या देशांतून खरा धंदा होतो त्यांना हे कलम लागतच नाही. कायदा पुस्तकात आहे आणि वसुली नाही. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा ना.

“ट्रम्पने डोळे वटारले आणि रातोरात काढला”

इथे अर्धं खरं आहे म्हणून नीट बघू. लेव्ही एक नव्हती, दोन होत्या. जाहिरातीवरची ६ टक्क्यांची २०१६ ची, आणि एप्रिल २०२० पासून परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्क्यांची दुसरी.

अमेरिका बिथरली ती दुसरीवर. जून २०२० मधे त्यांनी चौकशी लावली, जानेवारी २०२१ मधे म्हणाले हा आमच्या कंपन्यांशी भेदभाव आहे, आणि जून २०२१ मधे, तेव्हा बायडेन होते, आपल्या काही मालावर २५ टक्के ड्युटी जाहीर करून त्याच दिवशी ती स्थगित ठेवली. आधी जी यादी चर्चेत होती त्यात बासमती, कोळंबी, दागिने होते. नोव्हेंबर २०२१ मधे समझोता झाला की जागतिक तोडगा निघेपर्यंत लेव्ही चालू राहील आणि ड्युटी लागणार नाही, त्याची मुदत मार्च २०२४ ची होती ती जूनपर्यंत वाढवली, आणि जुलै २०२४ च्या बजेटमधे २ टक्केवाली १ ऑगस्टपासून बंद केली. तेव्हा ट्रम्प सत्तेत नव्हतेच. चार वर्षांची खेचाखेच होती ती, रातोरात काही झालं नाही.

६ टक्क्यांची गोष्ट वेगळी. ती मार्च २०२५ मधे फायनान्स बिलात दुरुस्ती घालून १ एप्रिलपासून काढली, लोकसभेत बिल पास झालं त्याच आठवड्यात अमेरिकेची व्यापार टीम दिल्लीत बोलणी करत होती. त्यामुळे दबावाचा संबंध नव्हता असं मी म्हणणार नाही, मला तो होता असंच वाटतं. पण मग पुढचा प्रश्न विचारा की. लेव्ही सोडून मिळालं काय? ऑगस्ट २०२५ मधे आपल्या मालावर आधी २५ आणि मग रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५ टक्के टॅरिफ बसलंच. वाटाघाटीत हातातलं पान आधीच टाकून दिलं, याचं उत्तर संसदेत मागायला हवं होतं आणि कोणी धड मागितलं नाही.

पैशाच्या दृष्टीने मात्र हे फार मोठं घबाड नव्हतं. २०२१-२२ मधे दोन्ही मिळून चार हजार कोटींच्या आसपास आले, त्याच वर्षी एकूण प्रत्यक्ष कर १४ लाख कोटींच्या वर होता.

“बाकी सगळे लावतायत, घाबरलो फक्त आपण”

कॅनडाचं बघा. ३ टक्क्यांचा टॅक्स, पहिला हप्ता ३० जून २०२५ ला येणार होता, ट्रम्पनी बोलणी थांबवली आणि २९ तारखेला कॅनडाने तो मागे घेतला. फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रिया यांनी ठेवलाय, ब्रिटनने तर अमेरिकेशी मे २०२५ मधे करार करूनही ठेवला, तेव्हा ठेवता येतो हेही खरं.

पण त्यांचा टॅक्स आणि आपला एक नव्हता. फ्रान्सचा ३ टक्के फक्त अशांवर ज्यांची जगभरातली डिजिटल कमाई ७५ कोटी युरोच्या वर आणि फ्रान्समधली अडीच कोटी युरोच्या वर. ब्रिटनचा ५० कोटी पौंडांच्या वर. म्हणजे जाळं टाकलं ते देवमाशासाठी. आपल्या २ टक्केवाल्याला मर्यादा होती २ कोटी रुपये, आणि ६ टक्केवालीला तर मोठी कंपनी-छोटी कंपनी असा भेदच नव्हता, येवल्यातून लाखाच्या वर पैसे गेले की झालं. आपलं जाळं इतकं बारीक विणलेलं की त्यात अडकली ती मासोळीच.

“१५ टक्क्यांचा नियम झालाय, सही केली की पैसा”

हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांमधेही आहे, कारण दोन गोष्टींची सरमिसळ होते. ऑक्टोबर २०२१ मधे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या टेबलावर १३० हून जास्त देशांनी मान्य केलं त्याचे दोन भाग. १५ टक्के हा दुसरा भाग, ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी. कंपनीने एखाद्या कमी टॅक्सच्या देशात समजा ९ टक्केच भरले तर उरलेले ६ कोण घेणार? पहिला हक्क त्याच देशाचा, नाहीतर मुख्यतः कंपनीचं मुख्यालय जिथे आहे त्या देशाचा. गिऱ्हाईक जिथे बसलंय त्याचं यात नावच नाही. म्हणजे येवल्यातल्या जाहिरातीच्या नफ्यातलं आपल्याला यातून जवळपास काही येत नाही.

गिऱ्हाइकाच्या देशाला वाटा देणारा तो पहिला भाग. २,००० कोटी युरोच्या वर उलाढाल, नफा १० टक्क्यांच्या वर, त्या वरच्या नफ्यातला चौथा हिस्सा बाजारपेठेच्या देशांत वाटायचा. आणि त्याच्या बदल्यात आपण आपल्या लेव्ही सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मधे कराराचा मसुदा आला, पण तो लागू व्हायची अट अशी बांधलीये की अमेरिकेशिवाय मंजुरीची बेरीज पूर्णच होत नाही. आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्पनी लिहून दिलं की ओईसीडीचा हा करार अमेरिकेत लागू नाही. तर कितीही सह्या करा.

याच मेसेजखाली कोणीतरी जोडलं होतं की डब्ल्यूटीओने डिजिटलवर टॅक्स लावायला बंदी घातलीये. १९९८ मधे ठरलेली ती तहकुबी फक्त डिजिटल मालावर कस्टम ड्युटी न लावण्याबद्दलची, इन्कम टॅक्स आणि जीएसटीचा तिच्याशी काही संबंध नाही.

उरतो युनोचा रस्ता. आफ्रिकन देशांनी रेटा लावला म्हणून टॅक्सचा जागतिक करार युनोतच करायचा असा २०२३ मधे ठराव झाला, भारताने बाजूने मत दिलं, श्रीमंत देश बहुतेक विरोधात होते. फेब्रुवारी २०२५ मधे अमेरिका त्या बोलण्यांतून उठून गेली, बाकीचे अजून बसलेत, २०२७ पर्यंत मसुदा पूर्ण करायचं ठरलंय. युनोच्या नमुना करारात २०२१ पासून एक कलमही आहे, १२ ब, त्याने डिजिटल सेवेच्या पैशावर गिऱ्हाइकाच्या देशाला टॅक्स लावता येतो. ते आपल्या किती करारांत घालून घेतलं, आयर्लंड आणि सिंगापूरशी त्यावर बोलणी तरी काढली का, हे आपल्या खासदाराला विचारा. मी माझ्या विचारलंय, उत्तराची वाट बघतोय.

आणि भावा, तुझ्या ग्रुपवर धंदेवाले बरेच आहेत म्हणून हे नक्की टाक: लेव्ही १ एप्रिल २०२५ पासून गेली, मागची माफ झालेली नाही. त्याआधीच्या वर्षांत कोणी परदेशी कंपनीला जाहिरातीचे लाखाच्या वर पैसे दिले असतील तर कार्डची स्टेटमेंट काढून बघा, बिलावर नाव कुठल्या देशातल्या कंपनीचं आहे ते बघा, आणि राहिलं असेल तर नोटीस यायच्या आत भरून टाका.