पंप फेकून द्या म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात एक मेसेज घरोघरी फिरतोय. माझं अशोक चौकाजवळ औषधाचं दुकान आहे. दिवसातून तीन-चार जण तरी मोबाइल काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "खरं हाय का ओ हे?" मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, एकदा लागला की जन्मभर सुटत नाही. पंपात स्टिरॉइड असतं, ते हाडं पोखरतं. त्यापेक्षा गोळी-सिरप बरं, पंप म्हणजे शेवटचा उपाय. पंप वापरणाऱ्या कुणालाही विचारा, समाधानी माणूस सापडणार नाही, म्हणजे पंपात काही अर्थ नाही. तेव्हा पंप फेकून द्या.

मी असल्या मेसेजना सहसा उत्तर देत नाही. पण गेल्या आठवड्यात बीड्या वळणाऱ्या एका अक्कांना त्यांच्या मुलाने रात्री साडेदहाला रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाटेत माझं दुकान लागतं, म्हणून मला दिसलं. बोलताना त्यांचं एक वाक्य दोन श्वासांत तुटत होतं. मेसेज वाचून त्यांनी आठ दिवस पंप बंद ठेवला होता. आता त्या बऱ्या आहेत, पण ती रात्र डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून मेसेजातला एकेक दावा घेऊन लिहितो.

"एकदा लागला की सुटत नाही."

लागतो म्हणजे व्यसन लागतं, असा याचा अर्थ लोक घेतात. पंपातल्या औषधाने नशा येत नाही, तलफ येत नाही. रोज घ्यावा लागतो तो आजार रोज असतो म्हणून. यंत्रमागाला रोज तेल घालावं लागतं, पण मागाला तेलाचं व्यसन लागलं असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. दम्यात आजार आटोक्यात आला की डॉक्टर डोस कमीही करतात, अनेकांचा बराच कमी होतो.

मात्र या दाव्यामागे लोकांनी पाहिलेली एक खरी गोष्ट आहे, ती झाकून ठेवणार नाही. निळा पंप, म्हणजे लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा, काही जण दिवसातून आठ-दहा वेळा मारतात. घरच्यांना वाटतं, सवय लागली. खरं तर श्वासनळ्यांच्या आतली सूज तशीच आहे आणि माणूस वरवर नळ्या उघडून दिवस काढतोय, हे त्याचं लक्षण आहे. दम्याच्या उपचारांचे जागतिक मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या 'जीना'ने २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की दम्यासाठी एकटा निळा पंप देऊ नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर झटक्याचा धोका वाढतो. तेव्हा निळा पंप लवकर संपत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. पंप फेकून आतली सूज जाणार नाही.

"पंपात स्टिरॉइड असतं."

काही पंपांत असतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, डब्यावर छापलेलं असतं. प्रश्न किती आणि कुठे, याचा आहे. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. तो थेट श्वासनळ्यांत जातो. हाडं, साखर, मोतीबिंदू यांची भीती मुख्यतः तोंडाने दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची आहे. गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं, की पंपाला घाबरणारेच लोक गावोगावच्या निनावी पुड्या विश्वासाने घेतात. अशा पुड्यांत न सांगता मिसळलेलं स्टिरॉइड तपासणीत सापडलेलं आहे, आणि त्यावर डोस छापलेला नसतो.

पंपातल्या स्टिरॉइडचेही त्रास आहेत. तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. डोस घेतल्यावर चूळ भरून थुंकली तर हे बरंच टळतं. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाची ताकद कायमची कमी करणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो, म्हणून सीओपीडीच्या प्रत्येकाला स्टिरॉइडचा पंप लागत नाही. हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"गोळी बरी."

इथे साधा हिशेब पुरे. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. दोन फवारे घेतले तरी गोळीच्या विसाव्या हिश्शाइतकंच औषध अंगात गेलं, आणि तेही काही मिनिटांत काम करतं. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून छातीत पोचायला अर्धा तास तरी घेते. तोवर हात थरथरतात, छाती धडधडते. झटका मोठा असेल तर डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या थोडे दिवस देतात, त्या जीव वाचवतात, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण रोजच्यासाठी गोळी सौम्य आणि पंप जालीम हा समज पार उलटा आहे.

"पंपावर समाधानी माणूस सापडणार नाही."

आता हा खरा मुद्दा. याला एका वाक्यात खोटं म्हणता आलं असतं, पण मी म्हणणार नाही. माझ्या काउंटरवर नाराज माणसं रोज येतात. "गॅस नुसता तोंडात जातोय." "पावडर ओढली की ठसका लागतोय." "काय फरक नाही बगा." त्यांचं म्हणणं खरं असतं. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

मुळात पंपाचा जन्मच अशा एका नाराजीतून झाला. अमेरिकेत १९५५ साली एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या, जॉर्ज मेसन यांच्या, तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, केसांचा स्प्रे मिळतो तसं माझं औषध डब्यात का भरत नाहीत? तोवर ती काचेच्या, रबरी फुगा दाबायच्या उपकरणाने औषध घ्यायची. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पहिला पंप बाजारात आला. औषध तेच होतं, मुलीची तक्रार यंत्राबद्दल होती.

हा फरक आपल्याकडे कुणी करतच नाही. संशोधक मात्र करतात. इन्हेलरबद्दलचं समाधान मोजायला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यातले प्रश्न बघा: शिकायला सोपं गेलं का? डोस तयार करायला सोपं आहे का? ओठांत नीट बसतं का? सोबत न्यायला, स्वच्छ ठेवायला जमतं का? वापरल्यावर आपण बरोबर ओढलं असं वाटतं का? सीओपीडीच्या रुग्णांवरची अनेक देशांतली एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असं दिसलं की यंत्रावर समाधानी असलेले लोक औषध जास्त नियमित घेतात आणि त्यांचा दम बिघडण्याचे प्रसंग कमी असतात. ज्याला बरं वाटतंय तो समाधानी असणारच, हेही धरून चालू. तरी जे यंत्र हातात नकोसं वाटतं ते ट्रंकेवर पडून राहतं, एवढं तर मी कुठल्याही पाहणीशिवाय सांगू शकतो.

आणि बरोबर ओढतात किती? चाळीस वर्षांतले १४४ अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक मोठा आढावा निघाला, त्यात ५४ हजारांहून जास्त रुग्ण होते. सगळं तंत्र बरोबर असलेले निघाले ३१ टक्के, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. हे आकडे जगभरचे आहेत. मी स्वतः पहिली काही वर्षं पंप पिशवीत घालून द्यायचो आणि पैसे घ्यायचो. डॉक्टरांनी शिकवलं असेल असं मी धरायचो, दुकानदार शिकवेल असं डॉक्टर धरायचे.

मग एक दिवस दत्तनगरच्या एक अव्वा आल्या. महिनाभर औषध घेऊन दम तसाच. म्हटलं, माझ्यासमोर घ्या. त्यांनी कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली. ती कॅप्सूल ज्यात घालून पावडर ओढायची तो रोटाहेलर पिशवीत तसाच, नवाकोरा. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला "दाखवा बघू" म्हणतो, आणि काय काय दिसतं! सेंट मारल्यासारखा पंप तोंडापासून लांब धरून मारणारे. झाकण न काढता दाबणारे. फवारा एकीकडे, श्वास दुसरीकडे. डबा न हलवणारे. रोटाहेलरमध्ये आधी फुंकर मारणारे, सगळी पावडर बाहेर.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो फवाऱ्याचा पंप आणि पावडरचं यंत्र यांच्यात, कारण दोन्हींचा श्वास एकमेकांच्या उलट आहे. फवारा स्वतःच जोरात सुटतो, म्हणून तो हळू आणि खोल ओढायचा. जोरात ओढला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच बसतं. पावडरला मात्र स्वतःचा जोर नसतो, ती तुमच्या श्वासाने फुटून बारीक होते. म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात ओढायची. दोन्हींत नंतर दहाएक सेकंद श्वास रोखायचा. एकाच माणसाला सकाळी पावडर आणि दम लागला तर फवारा लिहून दिला, आणि हा फरक सांगितला नाही, तर तो दोन्ही एकाच पद्धतीने ओढणार. मग एकाचा गुण आला तर दुसऱ्याचा येणार नाही.

यात हात आणि छाती बघायलाच हवी. चाळीस वर्षं बीड्या वळून ज्या अक्कांची बोटं आखडलीत, त्यांना डबा दाबणंच जमत नाही. ज्या म्हाताऱ्या मागवाल्याच्या श्वासात जोर उरलेला नाही, त्याला पावडर ओढता येत नाही. अशा लोकांसाठी स्पेसर आहे, फवारा त्या नळकांड्यात सोडायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमवावं लागत नाही. आखडलेल्या बोटांसाठी घरातल्या कुणी डबा दाबला तरी चालतं. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली दम्याचा झटका आलेल्या मुलांवर अभ्यास झाला. पाचशे मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून, पंपाभोवतीची फट गोंदाने बंद करून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे पैशामुळे अडायला नको. तरीही कितीतरी चिठ्ठ्यांवर स्पेसर लिहिलेला नसतो.

आणि आपल्या सोलापूरचं ऊन! एप्रिल-मेमध्ये पंप गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर कारखान्यात जाणारे आहेत. डबा पन्नास अंशांपुढे तापू देऊ नका असं त्यावर असतं, आणि उन्हातली डिकी त्यापुढे जाऊ शकते. डब्यातले ठरलेले डोस संपले तरी वायू सुटत राहतो, आवाज येतो, औषध नसतं. पंप पाण्यात तरंगतो का बघून काही कळत नाही. आकडा दाखवणारा पंप नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा आणि रोजच्या फवाऱ्यांवरून हिशेब करा.

समाधान न होण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते यंत्राच्या हातात नाही. आपण सगळ्यालाच 'दमा' म्हणतो. पण दम्यात आकसलेल्या नळ्या पुन्हा मोकळ्या होतात, नियमित पंपाने माणूस जिना चढतो, कामावर जातो. सीओपीडीत गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही. पंप धाप कमी करतो, झटके कमी करतो. हा आजार फक्त बीडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो असंही नाही, चुलीच्या धुराने तो कधीही न ओढलेल्या बायकांना होतो. यंत्रमागावरच्या सुताच्या धुळीने छाती आवळते ती वेगळीच, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी जास्त. तिथे धूळ तशीच ठेवून एकट्या पंपावर सगळा भार टाकला तर नाराजीच पदरी येणार. सीओपीडीच्या माणसाला "पूर्ण बरे व्हाल" म्हणून पंप दिला, तर दोन महिन्यांत तो पंपाला शिव्या देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

"पंप फेकून द्या."

मृग लागला की आपल्याकडून हैदराबादला दम्यावरचं माशाचं औषध गिळायला जाणारे आहेत. श्रद्धेने जातात, मी त्यांना अडवत नाही. एवढंच सांगतो की पंप खिशात ठेवूनच गाडीत बसा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. सूज उतरवणारं औषध रोज घेण्याऐवजी दम लागेल तेव्हाच काहीतरी घेणं, हे त्यामागचं एक मोठं कारण. मेसेज लोकांना नेमकं त्याच वाटेने पाठवतोय.

ज्यांना पंपाने गुण येत नाही त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना पंप, स्पेसर, कॅप्सूल सगळं पिशवीत घेऊन जावं आणि म्हणावं, "मी घेऊन दाखवतो, चुकतंय का बघा." हातात बसत नसेल तर दुसरं यंत्र मागावं. डॉक्टरांना वेळ नसेल तर कुठल्याही औषध दुकानात मागावं. माझ्याकडे आलात तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते. त्या अक्का काल आल्या होत्या, आठ दिवस बंद ठेवलेला पंप घेऊन. तीनदा चुकल्या, चौथ्यांदा जमलं. आता सुनेलाही घेऊन येते म्हणाल्या, रात्री डबा दाबायला तीच असते म्हणून.