‘दोन मिनिटांत डोकीवर पदर’ म्हणणाऱ्यांना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक युक्ती फिरते आहे. आजी गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा फ्रेम करण्यासारखा फोटो सापडत नाही. सापडतो त्यात डोकं उघडं, नाहीतर वखारीत तंबाखूच्या धुळीसाठी बांधलेलं फडकं किंवा स्कार्फ. त्यावर सांगतात : ‘पदराचा पीएनजी (पार्श्वभूमी काढलेलं चित्र) डाउनलोड करा, डोक्यावर बसवा, कडा ब्लर करा. स्कार्फ असेल तर ह्यू (रंगछटा) फिरवून साडीचा रंग द्या. तेही नाही जमलं तर एआयला सांगा. दोन मिनिटांचं काम.’

मोबाइलच्या पडद्यावर हे खपून जातं. १२ बाय १८ इंचाच्या फ्रेममध्ये गेलं, की बाराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा आधी पदराकडे बघतो आणि मग आजीकडे.

‘पीएनजी आणून बसवा.’ टोपी बसवता येते, पदर बसवता येत नाही, कारण तो खांद्यापासून सुरू होतो. आपल्याकडच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावरून पाठीमागे जातो, अंबाड्यावरून डोकीवर येतो आणि त्याचं टोक उजव्या खांद्यावरून पुढे पडतं. नेटवरचे बरेच पदर उलटवलेले असतात, नाहीतर गुजराती पद्धतीचे. मग खाली साडी एका दिशेला आणि वर पदर भलत्याच दिशेला. मूळ फोटो सेल्फी असेल तर तोच उलटा असू शकतो. मागच्या पाटीवरची अक्षरं किंवा साडीचा खांदा बघून आधी तो सरळ करून घ्या.

याहून सोपी आणि खात्रीची वाट म्हणजे पदराचा फोटो स्वतः काढणं. आजीचीच साडी घरातल्या कुणाला तरी नेसवा. मूळ फोटोत उजेड कुठून येतोय ते नाकाच्या सावलीवरून आणि डोळ्यांतल्या चमकत्या ठिपक्यावरून कळतं. त्याच बाजूला खिडकी ठेवा, कॅमेरा तितक्याच उंचीवर धरा आणि दीड-दोन मीटर लांब राहा. फार जवळून काढलं तर कपाळावरची किनार फुगलेली येते. मान थोडी थोडी वळवत आठ-दहा फोटो घ्या, त्यातला एक जुळतोच. साडी इरकल असेल तर हे कराच. तिच्या लाल पदरावरची पांढरी नक्षी आणि काठ इथल्या बायका लांबून ओळखतात. बनारसी जरीचा उसना पदर तिच्यावर क्षणभरही टिकत नाही.

फोटोशॉपमध्ये बसवताना सगळ्यात जास्त चुकतं ते माप. पदर कवटीला घासून बसवला की डोकं लहान आणि केस काढल्यासारखं दिसतं. कापडाखाली केस असतात, मागे अंबाडा असतो, म्हणून पदराची बाहेरची रेषा केसांच्या रेषेच्या थोडी बाहेर आणि मागे उंच हवी. पुढची किनार कपाळावर नको. दोन-तीन बोटं केस आणि भांग दिसू द्या, आणि भांगाजवळच्या चार-दोन बटा मास्क करून (त्यांच्यावरचा पदराचा भाग न पुसता लपवून) किनारीच्या वर आणा. वळण वॉर्पने, म्हणजे चित्र हवं तसं वाकवणाऱ्या साधनाने द्या. नुसतं लहान-मोठं करून कापड डोक्याला धरत नाही.

‘कडा ब्लर करा.’ सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. कापड चिकटवलेलं वाटतं ते त्याची सावली नसते म्हणून, आणि धुरकट कडेने सावली येत नाही. कानाची कड स्पष्ट असेल तर त्याच्या शेजारची किनारही तितकीच स्पष्ट हवी. मास्कला अर्धा ते एक पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) पुरे. जुन्या पार्श्वभूमीची पांढरी रेघ राहिली तर मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या.

सावली मात्र दोन थरांत (लेअरमध्ये) करा, पदराच्या थराखाली आणि चेहऱ्याच्या थरावर, दोन्ही मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या. १२ बाय १८ च्या, ५४०० पिक्सेल उंचीच्या फाइलला एक अगदी किनारीलगत, बारीक, ४-६ पिक्सेल ब्लरची. दुसरी पसरट, ४०-६० पिक्सेल ब्लरची, २०-३० टक्के अपारदर्शकतेची. काळा रंग वापरू नका, केसांच्या मुळाशी दिसणारा गडद तपकिरी उचला. लाल पदराचा किंचित लाल उजेड गालाच्या कडेवरही पडतो. सॉफ्ट लाइट या सौम्य मोडमध्ये ५-१० टक्के लाल दिला की कापड चेहऱ्याजवळ आल्यासारखं वाटतं. शेवटी पदराच्या लेअरवर मूळ फोटोइतका दाणा (ग्रेन) टाका. जुना फोटो खरखरीत आणि पदर गुळगुळीत, असं दिसलं की वरची सगळी मेहनत वाया.

‘ह्यू फिरवून रंग बदला.’ मधल्या रंगाच्या साध्या कापडाला हे चालतं. काळ्या आणि पांढऱ्यात फिरवायला रंगच नसतो. पांढऱ्यावर भरीव रंगाचा लेअर मल्टिप्लायमध्ये ठेवला की काम होतं. काळा स्कार्फ आधी कर्व्ह्जने (उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या साधनाने) उजळावा लागतो, आणि उजळला की जेपेगचे चौकोन वर येतात, कारण काळ्या घड्यांतला तपशील फाइल लहान करताना आधीच गेलेला असतो. काठ घड्यांवरून वळवायचा असेल तर कापडाची कृष्णधवल प्रत २-४ पिक्सेल ब्लर करून पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून जतन करा आणि काठाच्या लेअरवर, त्या प्रतीतल्या उजेड-सावलीप्रमाणे चित्र सरकवणारं डिस्प्लेस फिल्टर ५ ते १० वर चालवा.

स्कार्फ काढणं हे वेगळंच प्रकरण. त्याच्याखालचे केस, कान, मान फोटोत नाहीतच. त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो असेल तर केसांची रेषा तिथून घ्या. नसेल तर स्कार्फ पुसू नका, पदर रुंद करून त्याच्यावरून घ्या. हनुवटीखालची गाठ तेवढी झाकावी लागते.

‘एआयला सांगा.’ फोटोशॉपमधलं २०२३ साली आलेलं जनरेटिव्ह फिल निवडलेल्या भागापुरतं काम करतं, तिथवर ठीक. गप्पा मारून चित्र देणारी साधनं मात्र अख्खा फोटो नव्याने काढतात. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण त्यांना डाग वाटतो आणि जातो. सुरकुत्या जातात. न सांगता टिकली येते, ती आजीच्या घरच्यांना चालणार आहे का हे कोण विचारणार? तपासायला मूळ फोटो वर ठेवून मोड डिफरन्स (दोन थरांतला फरक दाखवणारा) करा. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसतं. चेहरा काळा दिसला नाही तर मूळ चेहरा मास्क करून परत वर आणा.

एक गोष्ट ही युक्ती सांगतच नाही. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० चा असतो, म्हणजे १८ इंचावर नव्वदसुद्धा डीपीआय नाही. लांबून बघायच्या फ्लेक्सला तेवढं चालून जातं, काचेच्या फ्रेमला नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. कागदी फोटोच असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढण्याऐवजी ६०० डीपीआयने स्कॅन करा. आणि फ्रेमवाल्याकडे देण्याआधी ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. पदराचा लाल पडद्यावर दिसतो त्याहून कागदावर बहुधा गडद उतरतो.

पासपोर्टच्या फोटोवर यातलं काहीच करू नका. संपादित फोटो तिथे चालत नाही.